फणसाचा जामीन

कातळमाळ विज्ञानकेंद्रात व्याख्यान असलं की मंचावरची मानाची खुर्ची वक्त्याला नसते, झाडाला असते. ज्या झाडावर संशोधन केलं, ते झाड कुंडीसकट खुर्चीत बसवायचं, आणि त्याच्यासमोर खोटं बोलायचं नाही, हा तिथला नियम. तुळशीसमोर आकडे फुगवून सांगणारे एक प्राध्यापक भर भाषणात रडले होते म्हणतात!

त्या दिवशी खुर्चीत फणस होता. गुडघाभर उंचीचा, ओंजळभर पानांचा, आठ महिन्यांचा फणस. सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. डॉ. शाल्मली रहाटे व्याख्यानाच्या शेवटी माईकवर ‘सोडा’ म्हणणार, आणि तिच्या फणसाच्या बियांनी भरलेली विमानं देशातल्या उजाड माळांकडे झेपावणार. दोन पावसाळे कोरडे गेलेले, तांदूळ औषधासारखा मोजून मिळत होता.  पहिल्या रांगेत शाल्मलीची अन्सूआत्या नवं लुगडं नेसून, पाय वर घेऊन ऐसपैस बसली होती.

“झाडाला मेंदू नसतो, पण आठवण असते,” शाल्मलीने सुरुवात केली. “आपण विसरू नये म्हणून पदराला गाठ मारतो ना? झाड तशी गाठ जनुकांना मारतं. जनुक बदलत नाही, त्याला फक्त एक रासायनिक खूण चिकटते. हे उघडं ठेव, ते बंद कर. थंडी पडली, मारली गाठ. घाव बसला, मारली गाठ. पण बी धरताना निसर्ग यातल्या बहुतेक गाठी सोडून टाकतो, आणि पोर जन्मतं कोरं. आम्ही ते सोडवणंच थांबवलं!”

“म्हणजे पणजीला मारलेला कोयता पणतीला आठवणार?” मागून कुणीतरी विचारलं.

“आठवणार काय, आठवतोच!”

आणि तिने सांगून टाकलं. गावी फणस फळत नसला की तिचे बाबा त्याला कोयत्याचा धाक दाखवत, उलट्या पात्याचा एक ठोकाही देत. घाव बसलेलं झाड फळायची घाई करतं, हे शास्त्रालाही ठाऊक होतं. शाल्मलीने तो कोयता यंत्राच्या हातात दिला. यंत्राला ना दया, ना दुपारची झोप. सात पिढ्या ठोके बसले. पहिली पिढी तीन वर्षांत फळली, पुढची वर्षात, आणि आता…

“आता ठोकाही नको. नुसतं बघा!”

तिने कोयता उगारला. फणस शहारला. बुंध्याला कोंब फुटला, कोंबाचा झाला मोहोर, आणि समोरच्या पाहुण्यांचा चहा निवायच्या आत हातभर फणस लोंबायला लागला. घमघमाट थेट शेवटच्या रांगेपर्यंत! लोक खुर्च्यांवर चढले. शिट्ट्या काय, टोप्या काय! “वन्स मोअर!” शाल्मलीने पुन्हा कोयता उगारला. दुसरा फणस!

“अगो शालू!” गोंगाटातून अन्सूआत्याचा आवाज घुसला. “जामीन कुठाय?”

“आत्या, नंतर बोलू.”

“नंतर कशाला? दादा कोयता उगारायचा, ‘देतोस की तोडू?’ मी आडवी यायचे. ‘नको रे दादा, लहान आहे, पुढच्या साली देईल, मी जामीन!’ मग बुंध्याशी पेजेचं पाणी ओतायचं, अंगावरनं हात फिरवायचा. तुझ्या यंत्राला बहीण नाय वाटतं?”

सभागृह खदखदून हसलं.

“अगं, ते नाटक होतं. झाडाला बोलणं थोडंच कळतं?”

“नसेल कळत बाई. मला आपली ओरडायला मजा यायची.”

शाल्मलीही हसली, आणि हसत हसतच झाडाकडे वळली. हसू तिथेच थिजलं. फणसाची पानं पिवळी पडली होती, एकेक गळत होती. केंद्राच्या बागेतली रोपंही अशीच फळून वाळली होती. रोपं थकली असतील, असं म्हणून तिने सोडून दिलं होतं. आता तिला उमगलं. ठोक्याची एक गाठ असते, तशी पेजेच्या पाण्याची आणि हाताच्या स्पर्शाचीही असणार. संकट टळलं, आता जग, असं सांगणारी. पहिली तिने सात पिढ्या घट्ट आवळली. दुसरी खुळचटपणा म्हणून गाळून टाकली. हे फळणं नव्हतं. मरायला निघालेलं झाड उरलंसुरलं सगळं बियांवर उधळत होतं.

गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? पण खुर्चीत झाड होतं. तिने सगळं बोलून टाकलं.

 मग तिसऱ्या रांगेतले जाडजूड गृहस्थ उठले, शिक्षणसम्राट मनोहरपंत घाडी. “मरेना का! बी आहे ना? पुन्हा लावू!”

“लावू! लावू!” सभागृह गरजलं.

“आणि बाई,” घाडींचे डोळे लकाकले, “हे माणसात जमेल? माझ्या शाळा आहेत. बापाला दिलेली छडी पोराला जन्मतःच आठवली, तर केवढी मेहनत वाचेल!”

कुणी हसलं नाही. शाल्मलीला याचीच भीती वाटली.

“माणसाच्या गर्भातही गाठी सुटतात ना?” घाडींनी विचारलं.

“सुटतात. बहुतेक.”

“मग ते थांबवता येईल?”

तिने फणसाकडे पाहिलं. खोटं बोलता येईना.

“येईल.”

टाळ्यांनी छप्पर हादरलं. तेवढ्या आवाजानेच फणसाने तिसरं फळ धरलं.

“बियाणं जाणार नाही!” शाल्मली माईकवर ओरडली. “विमानं थांबवा!”

मग काय विचारता! आरडाओरडा, धक्काबुक्की. अन्सूआत्याला निम्मं समजलं नव्हतं, पण आपली पोर एकटी पडली एवढं कळलं. ती तरातरा मंचावर चढली. वक्त्याचा पाण्याचा तांब्या उचलून तिने कुंडीत रिता केला.

“नको घाबरू रे बाळा. मी आहे जामीन,” ती म्हणाली, आणि बुंध्यावरून मायेने हात फिरवला.

सात पिढ्यांत त्या कुळाला माणूस जवळ येण्याचा एकच अर्थ ठाऊक होता. बुंधा थरथरला. शेवटचं पान गळलं, आणि आत्याच्या तळव्याखालीच, घाईघाईने, आणखी एक फणस धरला.

मागून कुणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!”