बदामाखालची बाई

कल्बा गावातलं ते काम आमच्याकडे आलं तेव्हा त्यात वेगळं असं काहीच नव्हतं. जुना व्हिला, मागच्या अंगणात बदामाचं मोठं झाड, मुळं भिंतीत शिरलेली, घर विकायला काढलंय, झाड तेवढं उतरवून द्या. अशी कामं आम्ही नेहमीच करायचो. शारजाच्या औद्योगिक भागात आमच्या कंपनीचं गोदाम आहे, मी तिथे सुपरवायझर. लोकांना वाटतं, वाळवंटात कसली आलीत झाडं! पण जुन्या घरांमधून कडुनिंब, बदाम असे काही फोफावलेले असतात, की मान वर करून बघत राहावं.

बदाम म्हणजे आपला देशी बदाम. आमच्या वसईला चर्चच्या आवारात असतो तोच.

विष्णू आमचा झाडावर चढणारा माणूस, आणि माझा मेव्हणा. माझ्या धाकट्या बहिणीनं, वेन्डीनं, त्याच्याशी लग्न ठरवलं तेव्हा आमच्या घरी बरीच वादावादी झाली होती. पण विष्णू असा, की वर्षभरात आमच्या मम्मीला माझ्यापेक्षा तोच जवळचा वाटायला लागला. दुबईत, करामा भागातल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये दोघं राहायची. वेन्डी हॉटेलात रिसेप्शनला. तिला तेव्हा दिवस गेलेले होते.

ऑगस्ट महिना. पहाटेच शारजा सोडलं, डोंगरातले बोगदे ओलांडून कल्ब्याला पोचलो. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते, त्यामुळे सकाळीच उरकायचं होतं. पण गल्ली इतकी अरुंद, की माणूस वर नेणारी लिफ्टची गाडी आत शिरेना.

"राहू दे," विष्णू म्हणाला. "दोर बांधून चढतो. यल्ला, तासाभरात शेंडा खाली."

घर कित्येक वर्षं बंद होतं. मागच्या अंगणात पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा जाणवला तो वास. पडून कुजलेल्या बदामांचा, आंबूस, गोडसर. हवेत धूळ इतकी, की सूर्य नुसता पांढरा ठिपका दिसत होता. वारा नव्हता. झाडाखाली वाळक्या पानांचा घोटाभर थर साचला होता. त्यावर चाललं की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. फक्त बुंध्यापासून थोडी दूर एक जागा स्वच्छ होती. परातीएवढी. तिथे एकही पान नाही, खालची माती पायांनी मळून मळून घट्ट झाल्यासारखी.

विष्णू चढला. राजन, आमचा दोर धरणारा, बुंध्याच्या पलीकडे उभा. मी त्या स्वच्छ जागेच्या बाजूला. चेनसॉ सुरू झाला, फांद्या दोरावरून खाली यायला लागल्या. सगळं नेहमीसारखं.

मग चेनसॉ बंद झाला.

"विल्फी," वरून विष्णू ओरडला, "त्या बाईंना बाजूला घे. डोक्यात फांदी पडेल त्यांच्या."

"कुठल्या बाई?"

"अरे, तुझ्या शेजारी काय उभ्या आहेत!"

मी शेजारी पाहिलं. कोणी नव्हतं. राजनकडे पाहिलं, त्यानं मान हलवली.

"इथे कोणी नाही रे."

विष्णूनं पुन्हा वाकून खाली पाहिलं. मग त्याचा आवाज आला, पण हळू, जणू कोणाला ऐकू जाऊ नये असा. "हिरवा झगा आहे... तोंडावर ती इथल्या जुन्या अरबी बायकांची सोनेरी पट्टी... आणि हात वर केलेत, विल्फी. माझ्याकडे. झेलायला उभं राहिल्यासारखे."

 मी म्हणालो, "खाली ये. आत्ता."

तो उतरायला वळला आणि ज्या फांदीला त्याचा दोर बांधला होता ती मोडली. वरून हिरवीगार, पण आतून पोकळ निघाली. दोन मजले उंचीवरून विष्णू सरळ खाली आला. मी डोळे मिटले.

पडल्याचा आवाज आलाच नाही.

डोळे उघडले तर तो त्या स्वच्छ जागेवर होता. उताणा, गुडघे किंचित वर, मान एका बाजूला कललेली, एक हात सैल लोंबता. तान्हं मूल कोणी दोन्ही हातांवर घ्यावं, तसा. मी आणि राजन धावलो. तो उठून बसला. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

दवाखान्यात नेलं, एक्स-रेचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, नशीबवान आहे. रात्री वेन्डीनं मेणबत्ती लावली आणि मला फोनवर म्हणाली, "विल्फी, देवानं झेलला त्याला." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

काम मी थांबवलं. विष्णूला सुट्टी दिली. आठवडा झाला असेल, वेन्डीचा फोन आला. "तू ये जरा. मला... मला कळत नाही कसं सांगू."

मी करामाला गेलो. विष्णू खाटेवर अंगाचं मुटकुळं करून झोपला होता. त्याचं डोकं उशीवर होतं, पण थोडं अधांतरी, कोणाच्या तरी खांद्यावर टेकवल्यासारखं. वेन्डीनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"तो जेवत नाही. पोट भरलंय म्हणतो. आणि चालतो ते ऐकू येत नाही, विल्फी. मागे येऊन उभा राहतो, मला कळतच नाही. काल मी फरशी पुसत होते. ओली होती. तो बाथरूमपर्यंत गेला, परत आला..." तिनं माझा दंड घट्ट धरला. "फरशीवर एक पाऊल उठलं नाही. एकसुद्धा!"

मी तिला समजावत होतो, तेवढ्यात मान वर केली तर विष्णू दारात होता. खरंच, चाहूल लागली नव्हती. चेहरा शांत, झोपाळू. तो माझ्या कानाशी वाकला. त्याच्या श्वासाला तो आंबूस, गोडसर वास येत होता.

"विल्फी, मला खाली उतरव ना."

"कुठून?"

"हळू बोल..." तो कुजबुजला. "तिला कळेल."

मी जिना उतरलो आणि खाली रस्त्यावर उभं राहूनच त्या व्हिलाच्या मालकाला फोन लावला. तो चिडलेलाच होता, काम कधी पुरं करणार म्हणून. मी म्हणालो, आमचा माणूस झाडावरून पडला. पलीकडे कुणीतरी त्याच्या हातून फोन काढून घेतला. म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, आपल्यासारखीच मोडकीतोडकी हिंदी. ती त्याची आई, उम्म राशिद. जुन्या मुंबईच्या व्यापाऱ्यांबरोबर वाढलेली ती पिढी, सगळ्यांना हिंदी येते.

"पडला?" तिनं विचारलं. "लागलं का त्याला?"

"नाही. काहीच नाही."

पलीकडे तिनं मुलाला अरबीत काहीतरी रागानं सुनावलं. 

"लागलं असतं तर बरं होतं, बेटा," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. ती लहान असताना तिचा धाकटा भाऊ त्या झाडावर चढला होता. आई खाली हात पसरून उभी होती, उडी मार म्हणत होती. तो पडला, आणि तिच्या हातांच्या अगदी बाजूला पडला. त्यानंतर आई रोज दुपारी तिथे जाऊन उभी राहायची. हात वर करून. तशीच एक दिवस गेली.

"मुलाला मी सांगितलं होतं, झाडाला हात लावू नकोस. मला न सांगता त्यानं तुम्हाला बोलावलं," उम्म राशिद म्हणाली. "पूर्वी आमचा एक माळी पडला होता. त्यालाही काही लागलं नव्हतं. तो झिजत झिजत गेला. माझी आई एकदा झेललं की खाली ठेवत नाही."

"मग आम्ही काय करायचं?"

"ज्या वेळेला पडला त्या वेळेला त्याला घेऊन ये. मी तिच्याशी बोलून बघते. माझं तिनं कधी ऐकलं नाही, पण बघते."

दुसऱ्या दिवशी विष्णूला गाडीत घालून मी कल्ब्याला गेलो. वाटभर तो मागच्या सीटवर डुलत होता, अंगाईच्या लयीत. मी आरशात बघायचं टाळलं. वेन्डीला मी घरीच थांबवलं होतं. निघताना तिनं विष्णूच्या गळ्यात स्वतःचा क्रूस घातला, आणि तो हसून म्हणाला, "वेन्डी, किती खाली आहेस तू." ती त्याच्या समोर उभी होती.

उम्म राशिद आधीच येऊन थांबली होती. एवढीशी, वाळलेली बाई, काठी टेकत. तोंडावर तशीच सोनेरी पट्टी. तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हर नासर, कासरगोडचा. धूळ त्या दिवशी आणखी वाढली होती. सकाळ असून अंगणात संध्याकाळसारखं पिवळट, मेलेलं ऊन. अर्धवट छाटलेलं झाड, आणि खाली ती परातीएवढी स्वच्छ जागा.

विष्णूला कोणी सांगायची गरजच पडली नाही. वाळक्या पानांवरून तो चालत गेला, एकही पान न वाजवता, आणि त्या जागेवर जाऊन उभा राहिला.

उम्म राशिद पुढे झाली. विष्णूच्या डोक्याच्या थोडं वर बघत ती अरबीत बोलायला लागली. आधी समजावणीच्या सुरात. "यम्मा... यम्मा..." मग विनवणी. मग रागानं. काठी आपटली तिनं. काही झालं नाही. फक्त झाडाची राहिलेली पानं, वारा नसताना, एकदा सळसळली. विष्णूनं मान आणखी कलती केली आणि डोळे मिटले. त्याचा चेहरा मेणासारखा दिसत होता. मला वाटलं, संपलं. खलास. आता वेन्डीला काय सांगू?

उम्म राशिद वळून माझ्याकडे बघत राहिली. पट्टीआडून तिचे डोळे तेवढे दिसत होते.

"तो गेला त्या दिवसानंतर तिनं मला कधी उचलून घेतलं नाही," ती हिंदीत म्हणाली. "मी रडत जायची. पण तिला हात मोकळे ठेवायचे होते."

तिनं काठी नासरकडे दिली. दोन्ही हात वर केले, आणि अगदी बारीक, चिरक्या आवाजात दोनच शब्द बोलली.

"यम्मा, शिलीनी."

त्यानंतर जे झालं ते मी एवढ्या जवळून पाहिलं, तरी नीट सांगता येत नाही. विष्णू पडला. सपाट जमिनीवर उभा असलेला माणूस, पण पडला तो वरून पडावा तसा. धप्प असा आवाज झाला, भिंतीवरून परत आला. हाडं मोडल्याचं मी ऐकलं. मग त्याची किंकाळी आली, आणि देवाशपथ सांगतो, त्या किंकाळीनं मला बरं वाटलं. त्या जागेबाहेर गेलेल्या त्याच्या पायांखालची पानं चुरडली होती. तो जमिनीवर होता.

नासर आणि मी त्याला उचलून गाडीत घातलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी फोटो पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "कितव्या मजल्यावरून पडले हे?" दोन्ही पाय, कंबर, मनगट. मी म्हणालो, झाडावरून. खोटं तरी कुठे होतं?

विष्णू वाचला. पुन्हा झाडावर चढणं मात्र नाही. आता कुबड्या घेऊन चालतो. त्या कुबड्यांची ठकठक वेन्डी स्वयंपाक करता करता ऐकत असते; थांबली की लगेच हाक मारते. त्यांना मुलगी झाली, ईश्वरी. तिला कोणी उंच उचललं की विष्णू चिडतो. "खाली ठेवा तिला," म्हणतो, "आधी खाली ठेवा."

त्या दिवशीच्या गडबडीत मी उम्म राशिदकडे बघितलंच नव्हतं. नंतर नासर हॉस्पिटलला आला तेव्हा व्हरांड्यात त्याला 'शिलीनी'चा अर्थ विचारला. तो म्हणाला, "लहान मुलं आईला म्हणतात, भाई. मला उचलून घे." उम्म राशिदला तो मामा म्हणायचा, इथे मालकिणीला म्हणतात तसं. मग म्हणाला, "मामांना घरी सोडलं. खूश होत्या. काठी गाडीतच विसरल्या."

थंडीत उम्म राशिद गेली. नासरचा फोन आला तसा मी गेलो. मी आपला कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर उभा राहिलो. सकाळची वेळ होती, समुद्रावरून धुकं येत होतं. सगळे पांगल्यावर नासर बाहेर आला. कपडे मातीनं भरलेले. कबरीत उतरून तिला घ्यायला जे उभे होते, त्यांच्यात तो होता. 

मी विचारलं, "सगळं नीट झालं ना?"

त्यानं मागे वळून पाहिलं. तिचा मुलगा अजून कबरीशी उभा होता.

"आम्ही तिघांनी मामांना खाली ठेवलं, भाई," तो हळूच म्हणाला. "हात काढून घेतले..."

"मग?"

"टेकल्या नाहीत त्या. खाली वीतभर जागा राहिली. मी स्वतः हात घालून पाहिलं." त्यानं आपला उजवा हात माझ्यासमोर धरला आणि लगेच मागे घेतला. "आम्ही वरून माती लोटायला लागलो. पण भाई... मी हात घातला ना, तेव्हा आतून कोणीतरी तो हळूच बाजूला सारला."