लोखंड्याची बहीण

पाळण्याच्या दोरीला झेंडूची माळ बांधून झाली होती, घुगऱ्या परातीत निवत पडल्या होत्या, साखरा गावातल्या गल्लीभरच्या बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि सगळ्यांच्या नजरा एकट्या सुकन्याकडे लागल्या होत्या. आत्याशिवाय का कुठं बारसं होतं? तिनं भावाच्या लेकराला पाळण्याखालून फिरवून वर घेतलं, त्याच्या कोवळ्या कानाला ओठ लावून कुर्रर्र केलं आणि काहीतरी पुटपुटली. रीतीप्रमाणं बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले.

"सांगा की वन्सं, काय ठेवलं?" भावजय राधिकानं हसत विचारलं. 'रुद्र' हे नाव तिनं नणंदेला आधीच सांगून ठेवलं होतं, कौतुकानं, पुन्हा पुन्हा.

"लोखंड्या," सुकन्या म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं. राधिकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. म्हातारी रूपाबाई चुकचुकली, "आत्याच्या तोंडून कानात पडलेलं नाव माघारी घेता येत न्हाई गं बाई..." उंबऱ्याबाहेर शिवहार उभा होता. त्यानं बहिणीकडे पाहिलं, मान खाली घातली आणि एवढंच म्हणाला, "अक्कानं ठेवलं ना... ऱ्हाऊ द्या."

हेच तर तिला हवं होतं! त्याच्या काळजात रोज एक काटा मोडायचा, हाच तिचा आजवरचा धंदा. आणि का करू नये तिनं?

लहानपणी घरात मेंढरं होती आणि गावात टीव्ही एकच, उत्तमरावांच्या घरी. रविवारी सकाळी त्यावर एका यंत्रमानवाचं कार्टून लागायचं. त्याचं खरं नाव काहीही असो, साखऱ्याच्या पोरांनी त्याला लोखंड्या करून टाकलं होतं. आई म्हणायची, दोघांपैकी एकानं जा, एकानं मेंढरं राखा. थोरली असून सुकन्यानं तो रविवार भावाला देऊन टाकला... जन्मभरासाठी. शिवहार दुपारी रानात यायचा आणि सगळी गोष्ट सांगायचा. लोखंड्याच्या छातीत दिवा असायचा, आणि त्याला एक बहीण होती. ती रोज त्याच्या सांध्यांना करडईचं तेल लावायची, दिवा विझला की फुंकर घालून पेटवायची. त्या बहिणीवर सुकन्याचा भारी जीव.

शेवटच्या भागाच्या दिवशी शिवहार वेळेवर आलाच नाही. कुत्री आली, कळप उधळला, एकटी पोर एका अंगाला धावली तर मेंढरं दुसऱ्या अंगाला पांगली, आणि बाभळीच्या कुंपणावर ती तोंडावर आपटली. उजवा डोळा गेला. पुसेगावचं स्थळ दारापर्यंत येऊन माघारी फिरलं, त्यानंतर कुणी आलंच नाही. शिवहारचं मात्र लग्न झालं, वैष्णवी झाली, आता हा मुलगा झाला. त्याच्या पानात भाकरी वाढताना ती म्हणायची, "खा. टीव्ही पाहून दमला असशील." तो मुकाट्यानं खायचा. उलटून एक शब्द बोलला असता, तर कदाचित तिचा राग कधीच निवला असता.

बारशानंतर थोड्याच दिवसांत वैष्णवी शाळेतून धावत आली. "आत्या, बाबांच्या लोखंड्याचा पिक्चर आला हिंगोलीला! छातीत दिवा हाय बघ, मोबाईलवर दाखवलं आम्हाला."

शिवहारचा चेहरा पांढराफटक पडला. "नको जाऊ अक्का. तसल्यात काय न्हाई पाहण्यासारखं."

"काहून? तवा बी तूच पाहिला, आता बी मला अडवून राहिला व्हय? एकच डोळा हाय माझा, पर पुरतो तेवढ्याला." आणि दुसऱ्याच दिवशी ती हट्टानं भाचीला घेऊन एसटीत बसली.

पडद्यावर लोखंड्या उडाला, लढला, पडला, उठला. पोरं टाळ्या पिटत होती. सुकन्या जीव डोळ्यात आणून वाट पाहत होती... आता येईल, तेलाची वाटी घेऊन आता येईल. लोखंड्याच्या छातीतला दिवा विझला तेव्हा ती खुर्चीतून अर्धी उठली. पण दिवा आपला आपणच पेटला.

"वैशे, त्याची बहीण कुटं गेली?"

"कोणती बहीण, आत्या? लोखंड्याला कुणीच न्हाई. तो एकटाच असतो."

ती घरी आली ती थेट मेंढवाड्यात. शिवहार एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होता.

"तू पाहिलाच न्हाईस," ती म्हणाली.

त्यानं मेंढीचा पाय हळूच खाली ठेवला. "कसा पाहावा अक्का? मेंढरावाल्याच्या लेकराला आत कोण घेतंय? वास येतो म्हणून उत्तमरावांच्या शालूबाई दार लोटून घ्यायच्या. भाईर नुसता ठणठण आवाज यायचा, छातीतल्या दिव्याचं तेवढं पोरं सांगायची. बाकीचं मी जोडायचो."

"मग दर रविवारी काहून जायचास?"

"तू वाट पाहायचीस ना."

सुकन्या त्याच्यासमोर खाली बसली. "आन त्या दिवशी?"

"त्या दिवशी अंगावर पाणी टाकून हाकललं. आवाज बी ऐकू आला न्हाई. तूच म्हणली हुतीस, शेवट पुरा घेऊनच ये, अर्ध्यात पळून येऊ नको. मग रिकाम्या हातानं कसं यावं? वढ्याच्या काठी बसून शेवट जोडीत ऱ्हायलो... त्यात ऊन डोक्यावर आलं."

व्हय, म्हणाली होती ती! तिचेच शब्द होते ते, आणि तीच ते विसरून गेली होती. एवढी वर्षं ज्याला ती छळत आली, तो तिच्याच गोष्टीपायी उशीर करून बसला होता.

"काय जोडला हुतास शेवट? सांग मला."

शिवहारनं पुष्कळ आठवून पाहिलं. "ध्यानात न्हाई अक्का. तुला रगतात पाहिलं आन समदं पुसून गेलं."

तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. गेलेल्या डोळ्याला रडता येतं, हे तिला ठाऊक होतं.

गल्लीतली पोरं "लोखंड्या, लोखंड्या" करून ओरडत होती. घरात जाऊन तिनं हात पुढं केले, तशी राधिकानं बाळ छातीशी घट्ट धरलं. सुकन्या हात तसेच धरून उभी राहिली. किती तरी वेळानं राधिकानं ते तिच्या हातात दिलं. सुकन्यानं त्याच्या कानाशी तोंड नेलं, "रुद्र" म्हणाली, पण गल्लीतला गलका काही थांबला नाही. मग मांडी घालून ती त्याला सांगू लागली, "एक हुता लोखंड्या. त्याला एक बहीण हुती. लई दुष्ट हुती ती..."

बोलता बोलता तिची नजर दाराकडे गेली. शिवहार उंबऱ्याबाहेर उभा राहून ऐकत होता.

"भाईर काहून उभा हाईस? आत ये."

"मेंढवाड्यातून आलो अक्का. अंगाला वास येऊन राहिला."

"येऊ दे," सुकन्या म्हणाली आणि सरकून तिनं आपल्या शेजारी जागा केली. "आत ये."