हनुवटीवरचा व्रण

पोलीस ठाण्यातल्या चित्रकाराला सगळे मास्तर म्हणत. काम एकच: साक्षीदार सांगेल तसा चोराचा चेहरा कागदावर उतरवायचा. "माझा हात निव्वळ नोकर. त्याला स्वतःचं मत नाही," मास्तर छाती फुगवून सांगत. आता तो हात नक्की कुणाचा नोकर होता, तीच तर गोष्ट आहे.

त्या दुपारी एक आजीबाई समोर बसल्या. त्यांचं पाकीट मारलं गेलं होतं.

"गोल चेहरा होता, बाळा. घारे डोळे. हसला की गालाला खळी."

मास्तरांची पेन्सिल सरसर चालली. आजीबाई चित्रावर वाकल्या आणि दचकून मागे सरल्या.

"अगंबाई! हा कोण?"

बारीक डोळे, जाड भुवया, हनुवटीवर आडवा व्रण. मास्तरांनी खोडलं, पुन्हा काढलं. खोडरबराच्या चुऱ्यातून तोच वर आला.

"जावई आहे की काय तुमचा?" इन्स्पेक्टर टोपी चढवत हसले. "परवाही हाच काढलात. त्यावरून नदीपलीकडच्या वस्तीतला एक हमाल उचललाय. भुवया जुळल्या, तेवढं पुरे." आणि ते घरी निघून गेले.

मास्तर कोठडीशी धावले. गजांआडचा हमाल उठून उभा राहिला. भुवया जाड, खऱ्या, पण हनुवटी... तळहातासारखी गुळगुळीत.

"साहेब, माझं काय चुकलं?"

मास्तर गजांजवळ सरकले. "सकाळी सोडवतो तुला. शब्द देतो."

घरी आईनं चित्र पाहिलं आणि ती खुदकन हसली.

"अरे, हा तर तुझा बागुलबुवा! जेवत नसलास की मी म्हणायचे, नदीपलीकडचा येईल हं, हनुवटीवर व्रण असलेला."

"कोण होता तो, आई?"

"कोण असणार? मी तर ती नदी कधी ओलांडलीसुद्धा नाही... व्रण आपला मीच लावून दिला. घास पटकन उतरायचा तुझा."

उजाडताच मास्तर ठाण्यात हजर. "साहेब, चूक माझी. हवं तर नोकरी घ्या, पण याला सोडा. याला व्रणच नाही, बघा की!"

इन्स्पेक्टरांनी चित्राकडे पाहिलं, कोठडीकडे पाहिलं.

"मास्तर... बरे आहात ना?"

हमाल गजांशी आला. हनुवटीवर आडवा व्रण. जुना, पांढरा पडलेला.

"हा... हा कधी झाला?"

हमालानं तो बोटानं चाचपला.

"हा होय? लहानपणापासूनच आहे, साहेब. आई सांगायची..." तो जरा गोंधळला. "नदीपलीकडच्या एका बाईनं लावलाय म्हणून."