दूताची खुर्ची

वहिनींचा चष्मा दुरुस्तीला टाकला होता, तो घेऊन मी दुपारी तालमीला गेलो. सांगतो सगळं, हा दिवा तेवढा इकडे सरकवा.

आमच्या शोकांतिकेत रंगमंचावर कोणी मरत नाही. मरण आत कुठेतरी येतं आणि दूत धावत येऊन राजाला सांगतो. माझा थोरला भाऊ राजा, वहिनी राणी, आणि मी जन्माचा दूत. नाटक बसवायचा दादाच. वाढणारा घरचा असूनही माझ्या पानात कायम दूतच पडला. वर दर तालमीला ऐकवायचा, "मरण सांगताना घाई करू नये रे."

दादा अचानक गेला, तेव्हा वहिनींना सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. दारात उभा राहून म्हणालो, "वहिनी, दादा गेला." त्या हसल्या. "फार घाई करता, भावजी. पुन्हा घ्या." त्यांना वाटलं, मी तालीम करतोय. मला ते पुन्हा सांगावं लागलं. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये.

मग कुठे मुकुट माझ्या डोक्यावर आला. दूत काही मिळेना. आमच्याकडे नट नसला की त्याच्या जागी रिकामी खुर्ची मांडतात. विंगेतून प्रॉम्प्टर त्याची वाक्यं वाचतो, आणि आम्ही खुर्चीकडे बघून बोलतो.

त्या दुपारी राणीचा प्रवेश संपला, वहिनी मेकअपच्या खोलीत गेल्या. नाट्यगृहात भरदुपारीही काळोख असतो, जुन्या पडद्यांचा कुबट वास असतो. मी खुर्चीकडे वळलो.

"महाराज, राणीसाहेब गेल्या."

आवाज माझा होता. तोच दूत, तीच घाई. प्रॉम्प्टर माझी नक्कल करतोय असं वाटून मला रागच आला.

"कधी?" मी विचारलं. संहितेत याचं उत्तर आहे, 'पहाटे'.

"अजून नाही..."

मी विंगेत पाहिलं. प्रॉम्प्टर पानं उलटत होता. "थांबा हो, जागा सापडू द्या," तो म्हणाला. "मी सुरुवात कुठे केलीय?"

मी आत धावलो. वहिनी आरशापुढे चहा पीत होत्या. "काय झालं, भावजी?" काय सांगणार? माझ्या तोंडची मरणाची बातमी त्यांनी एकदा हसण्यावारी नेली होती.

पुढच्या तालमीलाही तेच झालं. फक्त "अजून नाही" म्हणायच्या आधी तो आवाज जरा थांबला, हिशेब केल्यासारखा.

खुर्ची रिकामी आहे म्हणूनच तिथे कोणीतरी बसतंय, एवढं मला उमगलं. दादाच्या जागी आलेल्या नव्या दिग्दर्शकाला म्हणालो, "मला दूतच द्या."

"राजा सोडून? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"द्या म्हणतो ना."

मुकुट प्रॉम्प्टरच्या मेव्हण्याला मिळाला. त्याला तो सैल व्हायचा, कानांवर उतरायचा. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? "हातातोंडाशी आलेला घास का दिलात, भावजी?" वहिनींनी विचारलं. "दूताचीच सवय झालीय," मी म्हणालो. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

खुर्ची काढली. मी तिच्या जागी उभा राहिलो. वाक्य सावकाश म्हटलं, श्वास घेऊन, दादाला हवं होतं तसं.

"कधी?" नव्या राजाने विचारलं.

मी 'पहाटे' म्हणायला तोंड उघडलं.

"आत्ताच," मी म्हणालो.

मला धावावंसंही वाटलं नाही. वहिनी आरशापुढेच होत्या. मान कलली होती, चष्मा नाकावरून घसरला होता, आणि चहा अजून गरम होता.

नाटक थांबलं नाही. आता राणीच्या जागी खुर्ची असते, तिचा प्रवेश झाला की ती विंगेत नेऊन ठेवतात. मी रंगमंचावर जातो, राजाला सांगतो, "राणीसाहेब गेल्या." घाई करत नाही. तरीही दर वेळी त्या खुर्चीकडून हळूच हसू ऐकू येतं.

"पुन्हा घ्या, भावजी..."

आणि मला पुन्हा सांगावं लागतं. काल मात्र 'राणीसाहेब' म्हणायला गेलो, तर ओठांवर भलतंच, एका जिवंत माणसाचं नाव आलं. मी ते कसंबसं गिळलं.