शर्यतीचा दुसरा गडी

धरणाच्या तलावावर साहेबांच्या शिडाच्या होड्यांची शर्यत व्हायची. तिच्यात देशी माणसाची होडी घालायला शहापूरच्या कमळाकर वकिलाला दोन वर्षं भांडावं लागलं. शेतं बुडाली ती इथल्यांची, आणि हौस भागायची ती गोऱ्यांची. अखेर १९३८ च्या कार्तिकात परवानगी मिळाली, पण अट घालून: होडीत दोन गडी हवेत, दुसरा तुमचा तुम्ही शोधा; एकट्याने आलात तर पुन्हा अर्ज करू नका.

आणि नेमका शर्यतीच्या दिवशीच कल्याणचा त्याचा जोडीदार तापाने पडला होता.

"जैतू, तू चल," काठावर जाळं सांधणाऱ्याला त्याने विनवलं. "वाऱ्याच्या बाजूला बाहेर झुकून बसायचं. होडी कलंडू नये एवढंच."

"नाय वकीलसाहेब. आमी मासं धराया पान्यात जातो. तुमी नुसतंच पळता."

"उलथू दे त्यांना," जैतूची बायको सावळी हसली. "मंग मासं म्हनून धर."

पलीकडे साहेबांच्या तंबूत कपबशा वाजत होत्या. कमळाकरचं डोकं फिरलं. शीड चढवून त्याने होडी ढकलली आणि रिकाम्या पाण्याकडे ओरडला, "कोणीही या. कोणीही चालेल."

सावळीचं हसू विरलं. "नाव घ्या, नाव... पान्यावर बिननावाची हाक देत नाय."

वारा शिडात भरला, होडी कलंडू लागली. त्याने अंग बाहेर झोकलं; एकट्याचं वजन पुरणार नव्हतंच. तोच त्याच्या पाठीमागे फळी करकरली आणि होडी अलगद सावरली. कुजलेल्या पेंढ्याचा वास आला. त्याने वळून पाहिलं. फळी रिकामी होती.

पंचाने दुर्बीण लावली, दोन बोटं वर केली आणि बावटा पाडला.

होडी सुसाट निघाली. वळणावर तो अंग आवरण्याआधीच मागचं ओझं बरोबर सरकायचं. साहेबांच्या होड्या मागे पडल्या तेव्हा त्याला बरंही वाटलं. मग ध्यानात आलं, दर वळणाला ओझं थोडं पुढे येतंय. शर्यत जिंकली तेव्हा त्याच्या मानेवर गार, ओला श्वास लागत होता.

त्याने होडी तंबूकडे न नेता जैतूकडे वळवली. जैतू गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने होडीचं नाक धरलं.

"उतरू नका," तो हळू म्हणाला. "तो बिननावाचा आलाय, आता नाव घेऊनच जाईल. मी हाक मारतो. पयली ओ तुमचीच पडली पायजे. त्याची पडली, तर..."

सावळीने पदर तोंडाशी धरला.

"कमळाकर," जैतूने हाक मारली.

कमळाकरने तोंड उघडलं. आणि खांद्यामागून, त्याच्याच खणखणीत वकिली आवाजात, कोणी म्हणालं, "ओ."

जैतूचा चेहरा निवळला. सावळीनेही सुस्कारा सोडला. जैतूने हात पुढे केला, कमळाकरला ओलांडून, मागच्या फळीकडे.

"या वकीलसाहेब," तो हसून म्हणाला. "जपून उतरा."