पायऱ्यांजवळची जागा

वार्षिक अहवाल लिहायची वेळ आली की आमच्या अध्यक्षांना नेमका खोकला होतो. मग यॉट क्लबची सचिव म्हणून ते काम दर वर्षी माझ्याच गळ्यात पडतं. माझी तक्रार नाही. यंदा तर लिहिण्यासारखं खूप होतं. धक्क्याच्या कुजलेल्या फळ्या बदलल्या, शर्यतींना बाहेरगावच्या बोटी आल्या, कपडे बदलायच्या खोलीचं गळकं छप्पर एकदाचं दुरुस्त झालं. पुढच्या वर्षीच्या योजनांत एकच मोठी गोष्ट होती, ती म्हणजे मुलांसाठी शिडाच्या बोटीची शाळा. त्यासाठी जुनी पण दणकट पांढरी बोट घेऊनही झाली होती. आता ती उभी करायला जागा हवी होती, आणि लहान मुलांना चढता येईल अशी जागा सबंध धक्क्यावर एकच होती. पायऱ्यांजवळची. माझ्या दादाची.

दादा पाच वर्षांपूर्वी एका निवांत दुपारी बोट घेऊन गेला तो परत आलाच नाही. वादळ नव्हतं, काही नव्हतं. ना तो सापडला, ना बोटीची एक फळी. वहिनीने मात्र ती जागा सोडली नाही. रोज कामावरून परतताना धक्क्यावर थोडी उभी राहायची आणि मग घरी जायची. भाची दुसऱ्या शहरात, तिला नुकतं बाळ झालेलं. "आई, ये ना आता" म्हणून म्हणून ती थकली. पण वहिनीला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मग मीही हट्टाला पेटले. "वहिनी, तू जाणार आहेस. धक्क्यावर उभं राहून राहून तुझा खांब झालेला मला बघायचा नाहीये."

ती हसली.

"जागा रिकामी आहे, असं तू मला तोंडावर सांग," ती म्हणाली. "वार्षिक सभेच्या दिवशी सांग. त्याच संध्याकाळच्या गाडीने जाते."

"एवढंच?"

"तू खोटं बोलत नाहीस, वन्संबाई. तोच तर तुझा त्रास आहे."

एवढंच तर होतं! पांढरी बोट मी स्वतः उभी राहून त्या जागेत आणवली आणि धक्क्याला अगदी खेटून बांधून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बोट लांब. मध्ये आणखी एक बोट मावेल एवढं पाणी, आणि त्या पाण्यावरून दोर ताणलेले.

धक्क्यावर बोटी सांभाळणाऱ्या आमच्या माणसाला सगळे कप्तान म्हणतात. त्याला पोहता येत नाही, ही क्लबची जुनी गंमत. मी त्याला फैलावर घेतलं.

"अहो बाई," तो म्हणाला, "आधी एक बोट उभी असली की दुसरी तिच्या बाहेरून नाही का बांधत आपण? घासू नये म्हणून मध्ये टायरपण सोडलेत."

बोलता बोलता त्याने तिकडे पाहिलं. पांढऱ्या बोटीच्या अलीकडच्या कडेला जुने टायर नीट ओळीत लटकत होते. त्यांच्यासमोर नुसतं पाणी. त्याने मान खाजवली.

"मला वाटलं... जाऊ द्या. परत बांधतो."

पुढचे काही दिवस कप्तान रजेवर होता. तरी रोज सकाळी तेच. वारा धक्क्याकडे येणारा, म्हणजे बोट धक्क्याला दाबली जायला हवी. मी स्वतःला समजावलं की खालून पाण्याची ओढ असेल. मी दोर बदलून आखूड बांधले. सकाळी ते आखूड दोर वेटोळी करून फळ्यांवर व्यवस्थित ठेवलेले होते आणि बोट पुन्हा लांब दोरांवर. म्हटलं, कोणीतरी चेष्टा करतंय. सापडू दे, त्याचं सदस्यत्व रद्द करून दाखवते.

मग माझ्या एक लक्षात आलं. पाण्यावरून वाहत येणारा फेस आणि पानं त्या मधल्या जागेत शिरत नव्हती. अलीकडेच दुभंगायची, दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे जायची. मी बराच वेळ पाहत राहिले. मग कार्यालयात जाऊन अहवालाचं टायपिंग पूर्ण केलं.

सभेच्या आदल्या दिवसापासून ओल्या रंगाचा वास यायला लागला. दादा दर वर्षी सभेच्या आधी बोट रंगवायचा, आणि दर वर्षी तपकिरीच. वहिनी म्हणायची, एकदा तरी निळा लाव. तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." आमचे अध्यक्षसुद्धा योजनांबद्दल असंच म्हणतात, त्यावरून आम्ही दोघांनाही खूप चिडवायचो. मी सबंध धक्का पालथा घातला. कोणीही काही रंगवत नव्हतं.

सभेच्या दुपारी म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावायचाच. कप्तान कामावर परतला होता. आम्ही दोघांनी पांढरी बोट ओढून धक्क्याला भिडवली. गाठी मी मारल्या. बोटीवर बूट घालून चढायचं नाही, हा क्लबचा सगळ्यात जुना नियम. मी बूट फळ्यांवर काढले आणि मुलांची तरंगती जाकिटं तपासायला आत गेले.

सभागृहाची घंटा वाजली तशी घाईने बाहेर आले. काखेत एक जाकीट, सभेत दाखवायला. कठडा ओलांडला, खाली पाय टेकला, डाव्या हाताने आधार घेतला, पुढे झाले, धक्क्यावर चढले.

बूट घातले.

कप्तान माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाई, तुम्ही आलात कशावरून?"

मी वळले.

पांढरी बोट लांब होती. मध्ये पाणी. स्थिर.

माझे मोजे कोरडे होते. डावा तळवा चिकटत होता. मी मूठ मिटली.

"कोणाला काही बोलू नकोस," मी म्हटलं, आणि सभेला गेले.

अहवाल मी खणखणीत आवाजात वाचला, एका हाताने पानं उलटत. मुलांची शाळा एकमताने मंजूर झाली. टाळ्या वाजल्या. अध्यक्ष खोकले. आणि मागच्या दारात वहिनी बॅग घेऊन उभी होती, नवे कपडे, केस नीट बांधलेले. पाच वर्षांत ती मला इतकी तरुण दिसली नव्हती. आता हिला गाडीत बसवायचीच. एका वाक्याचा तर प्रश्न होता.

मी तिच्याजवळ गेले.

"रिकामी आहे?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याशी खोटं बोलले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

तिचे डोळे भरून आले. निरोप घ्यायला तिने माझा हात हातात घेतला. डावा. हळूच मूठ उघडली.

तळवा निळा होता. रंग अजून ओला.

"लावला एकदाचा," वहिनी म्हणाली.

मी तिचा दंड घट्ट धरला. "वहिनी, चल. गाडी चुकेल."

"पुढची असते गं," ती म्हणाली. बॅग खाली ठेवली, आणि मोकळ्या हाताने वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.