उलटा तीन

कोलेसानो गाव मागं पडलं आणि रस्ता समुद्राकडे उतरायला लागला की एक लांबलचक वळण येतं. एका अंगाला वरच्या ऑलिव्ह बागेचा उंच दगडी बांध, दुसऱ्या अंगाला नुन्झियाच्या शेंगांच्या वाफ्याची कमरेएवढी भिंत. नुन्झिया रोज सकाळी तिथं शेंगा तोडायला जायची. टार्गाची मोटारींची शर्यत रविवारवर आली होती, म्हणजे गावात कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. कोंबड्या कोंडलेल्या, गाढवं बांधलेली, आणि सरावाच्या गाड्या उजाडल्यापासून रस्त्यावर घोंघावत होत्या.

त्या गुरुवारी वळणाच्या अलीकडे, भिंतीवर हातभर उंचीवर, चुन्यानं काढलेला तीनचा आकडा तिला दिसला. उलटा. पोटं उजवीकडे हवीत ती डावीकडे.

तिनं टोपली खाली ठेवली. असा तीन पंचक्रोशीत एकच माणूस काढायचा, आणि तो फेब्रुवारीत गेला होता.

कालोजेरो, तिचा नवरा, लोकांची घरं चुन्यानं रंगवायचा. शर्यत जवळ आली की गावातले ड्रायव्हर त्याला बरोबर घेऊन रस्ताभर फिरायचे, आणि गाडीत बसलेल्याच्या नजरेला पडेल अशा बेतानं तो वळणाआधी आकडे टाकायचा. इथं दुसरा गिअर, इथं तिसरा, इथं चौथा. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. तीन शिकला तो सारो न्हाव्याच्या दुकानात बसून, आणि दुकानाचा तीन नंबर काचेवर बाहेरून रंगवलेला होता, आतून तो उलटा दिसायचा. सारोनं वीस वर्षं त्याला चिडवलं, पण पठ्ठ्यानं तीन काही सुलटा केला नाही. "वाचता येतो ना? मग झालं," म्हणायचा.

नुन्झियानं बोट लावून पाहिलं. बोटाला चुना लागला. मे महिन्याच्या उन्हात चुना पाव तासात वाळतो, म्हणजे कुणीतरी आत्ताच काढून गेलं होतं. रस्ता दोन्हीकडे मोकळा होता. "मेल्यांना लाज नाही," म्हणत तिनं एप्रनचा कोपरा ओला करून आकडा पुसून टाकला.

शुक्रवारी तीन पुन्हा तिथंच होता, आणि ओला होता.

ती तशीच सारोच्या दुकानात गेली. शर्यतीच्या दिवशी त्या वळणावर निशाण घेऊन उभं राहायचं काम सारोकडेच असायचं.

"पोरंटोरं चेष्टा करतात, वहिनी," तो वस्तरा पुसत म्हणाला.

"चेष्टा म्हटल्यावर मला आधी तुमचाच संशय आला, भावोजी."

सारो हसला नाही. "मी खूपदा काढून पाहिलाय त्याचा तीन, त्याला चिडवायला. माझा सुलटाच येतो. ते पोटाचं वळण त्याच्याच हाताला जमायचं."

शनिवारी दुपारी तिनं सांतोच्या कानावर घातलं. सांतो तिचा एकुलता एक. गॅरेजात काम करायचा आणि उद्या पहिल्यांदाच शर्यतीत उतरणार होता, गॅरेजात येणाऱ्या वकीलसाहेबांची जुलियेत्ता गाडी घेऊन. नवरा गेल्यावर तिला एवढं एकच माणूस उरलं होतं, आणि ते उद्या त्या रस्त्यावर जीव खाऊन गाडी हाणणार होतं.

"तिथं चौथा लागतो, आई. बाबांनीच मला मागच्या वर्षी तिथं चौथा सांगितलाय. तिसऱ्यात गेलो तर दर फेरीला चार सेकंद गेले. मग वकीलसाहेब मला पुन्हा गाडीला हात लावू देतील होय?"

"मग नको जाऊस तिसऱ्यात."

"उगाच घाबरवतेस मला."

"मीच घाबरलेय रे. तुला कुठं घाबरवतेय?"

आईला बरं वाटावं म्हणून त्यानं पास्ता दोनदा मागून घेतला. मग ओलं पोतं खांद्यावर टाकून स्वतःच वळणावर गेला आणि दगडाचा मूळ रंग दिसेपर्यंत भिंत घासून आला.

रविवारी सकाळी रस्ता बंद व्हायच्या आत ती वाफ्यात जाऊन उभी राहिली. तीन होताच. चुन्याचा एक थेंब अजून खाली ओघळत होता.

"पुसा, वहिनी," सारो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "पोराचं लक्ष जाईल. अशा वेगात नजर चुकली की संपलं."

त्याचं खरंच होतं. पण पुसला आणि तो खरा असला तर? तिनं ओलं फडकं भिंतीपर्यंत नेलं. वर गावातून पहिल्या गाडीचा आवाज आला. तीस वर्षांच्या संसारात तिनं कालोजेरोचं एक धड ऐकलं नव्हतं. तो म्हणे मीठ कमी घाल, ही चिमूट वाढवायची. तिनं फडकं खाली घेतलं आणि एकदम तिला रडू आलं.

पहिल्या फेरीला सांतो चौथ्यातच गेला. दुसऱ्या फेरीला ती भिंतीमागं, आकड्याच्या बरोबर वर उभी राहिली आणि तीन बोटं वर धरली. सांतोनं नुसती मान हलवली आणि गाडी तशीच दामटली.

तिसऱ्या फेरीला इंजिनाचा सूर बदलला. त्यानं गिअर उतरवला होता.

"घालवलीत पोराची शर्यत," सारो म्हणाला.

"जाऊ दे. शर्यत दरवर्षी असते."

त्यानंतर दर फेरीला, गाड्या सगळ्या डोंगराला वळसा घालून आल्या की पाऊण तासानं, ती तीन बोटं वर करायची आणि सांतो तिसऱ्यात यायचा. ऊन डोक्यावर आलं. शेंगांची पानं माना टाकून बसली. भिंत हात भाजेल इतकी तापली होती, आणि चुना ओलाच होता. सारोनं दोनदा बोट लावून पाहिलं आणि बोट पँटला पुसलं.

सहाव्या फेरीला एक लाल परदेशी गाडी गेली आणि मागं सगळं शांत झालं. पाखरंसुद्धा गप्प होती.

समोरच्या बांधावरून एक खडा रस्त्यावर आला.

मग आणखी एक.

सारोनं वर पाहिलं. बांधाला मधोमध पोट सुटलं होतं.

वरून जुलियेत्ताचा आवाज येत होता.

चौथा.

तिसरा.

बांध खाली बसला. आवाज फार झाला नाही. नुसती धूळ उठली आणि रस्ता दिसेनासा झाला. नुन्झियाची तीन बोटं तशीच वर होती.

ब्रेक किंचाळले.

मग काहीच नाही.

मग धुळीत एक दार उघडल्याचा आवाज आला.

गाडी दगडांच्या ढिगाऱ्यापासून वीतभर अलीकडे उभी होती. सारो निशाण घेऊन मागच्या गाड्या थांबवायला चढावर धावला. सांतो भिंत ओलांडून आला.

"आई, तिसऱ्यात होतो."

"माहीत आहे. ऐकलं मी." तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि लहानपणी धरायची तसं बराच वेळ धरून ठेवलं.

रस्ता मोकळा झाल्यावर सांतो पुढं गेला आणि सगळ्यांत शेवटी पोचला. सारो मात्र भिंतीपाशी थांबला होता. त्यानं आकड्यावर बोट फिरवलं. चुन्याचे कोरडे पोपडे निघून खाली पडले.

"वाळला," तो म्हणाला आणि त्यानं टोपी काढली.

सोमवारी सकाळी सांतो कामावर गेला. तासाभरानं नुन्झियानं टोपली उचलली आणि बाहेर पडायला दार उघडलं. दाराच्या चौकटीलगत, आतल्या भिंतीवर, चुन्याची ओली आडवी रेघ होती.

ही खूण तिला ठाऊक होती. मेंढ्या उतरतात किंवा बैलगाड्या वळतात तिथं कालोजेरो सरावाच्या दिवसांत अशी रेघ ओढायचा. गाडी उभी करा, पुढं जाऊ नका. पण ती हातभर उंचीवर असायची. ही बरोबर नुन्झियाच्या डोळ्यांसमोर होती.

तिनं गल्लीत पाहिलं. पाववाला चालला होता. समोरच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या. रोजची गल्ली, रोजचं ऊन.

"बरं बाबा, नाही जात," ती म्हणाली. दार लावून घेतलं, खुर्ची ओढली आणि रेघेजवळ बसली. "किती वेळ, ते तरी सांग." तिचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती. रेघ वाळली की उठायचं, असं तिनं ठरवलं. थोड्या थोड्या वेळानं ती एकेक बोट लावून पाहत राहिली.

दुपारी सांतो जेवायला आला तेव्हा ती तशीच बसलेली होती, आणि तिची दहाही बोटं चुन्यानं पांढरी झाली होती.